मदत हवी आहे: पक्ष्यांची शास्त्रीय नावे कोणत्या यादीप्रमाणे लिहावीत?

नमस्कार मंडळी. खानापूर भागातल्या आमच्या मराठी शाळेसाठी जांबोटी, कणकुंबी आणि भीमगड परिसरातल्या पक्ष्यांचा भिंतीवरचा तक्ता करतोय. मराठी नावांची अडचण नाही, गाडी अडली आहे ती शास्त्रीय नावांवर.

शिक्रा आमच्या जुन्या पुस्तकांत ॲक्सिपिटर बेडियस आहे, ईबर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींचं जागतिक संकेतस्थळ) २०२४ पासून टॅकिस्पिझा बेडिया. सातभाई टर्डॉइडिस या प्रजातीतून (जीनस) अर्ग्या या प्रजातीत गेले. गायबगळ्याचं तर बुबुल्कस हे प्रजातीनामच गेलं, तो आता आर्डिया झाला. शिवाय पश्चिमेकडचा आणि पूर्वेकडचा अशा दोन जाती मानल्या गेल्या, आपल्याकडचा पूर्वेकडचा, आर्डिया कोरोमंडा. डीएनए अभ्यासातून खरी नाती उलगडत आहेत, त्यामुळे हे बदल मला मनापासून पटतात. पण मुलांच्या हाती एकच नाव द्यायचं, तर कोणतं?

२०२५ मध्ये ॲव्हिलिस्ट ही एकत्रित जागतिक यादी आली. सरळ तीच धरावी असं मला वाटतं. तुमच्यापैकी कुणी बेळगाव, निपाणी किंवा चंदगडकडे ती वापरतंय का? जुनं नाव कंसात ठेवता का? आणि वहीतल्या जुन्या गायबगळ्याच्या नोंदी सरसकट कोरोमंडा म्हणून बदलल्या तर चालेल का? तक्ता रंगवायला द्यायचाय, जाणकारांनी कृपया लवकर सांगावं.