शिवाजीनगर स्टँड कुठंय? (पुण्यात बाहेरून आलेल्यांनी लिहा)

उदगीरकर

परवा संध्याकाळी शिवाजीनगर मेट्रोतून बाहेर पडलो तर एक पोरगं मोबाईल आडवा-उभा फिरवत उभं. वीस-एकवीसचं असेल. "काका, शिवाजीनगर स्टँड कुठंय? म्याप तर इथंच दाखवायलंय."

'दाखवायलंय' ऐकलं आणि पाय थांबले. म्हटलं, कुठला रे? अहमदपूर. आईनं एसटीच्या ड्रायव्हरकडं डबा दिलेला, गाडी सहाला येणार, आणि हा साडेपाचपासून जुन्या स्टँडच्या जागेभोवती चकरा मारायलाय. स्टँड मेट्रोच्या कामासाठी २०१९ च्या शेवटी वाकडेवाडीला हलवलं, नाव मात्र शिवाजीनगरच राहिलं. नव्या माणसानं करावं काय? रिक्षा केली, दोघं गेलो. गाडी पावणेसातला आली. जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेला डबा, वर चिठ्ठी डकवून नाव आणि नंबर. पोरानं तिथंच फलाटावर गाठ सोडली आणि मला एक धपाटं दिलं. नको म्हणवलं नाही.

मी २००३ ला आलो. नारायण पेठेत कॉट बेसिस, महिना साडेचारशे. खोलीत पाच कॉट, एक खिडकी, आणि खिडकीजवळच्या कॉटला पन्नास रुपये जास्त. माझाही डबा असाच यायचा, दर दुसऱ्या रविवारी. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, आणि तळाला कधीमधी शंभराची नोट, तेल लागून पारदर्शक झालेली. ती दुकानदार घ्यायचे नाहीत, म्हणून मेसवाल्या काकूंना द्यायची. त्या घ्यायच्या.

पहिल्याच आठवड्यात कॉइनबॉक्सवरून घरी बोलत होतो, "मेसला जायलोय, नंतर करतो." मागं रांगेतले दोघं फिसकन हसले. तेव्हापासून फोनवर बोलायच्या आधी मी वाक्य मनात जुळवून घ्यायला लागलो. आता माझी मुलगी "मी जातीये" म्हणते. तिची आजी म्हणते, पोरगी हातची गेली.

घरी पोचायला साडेआठ. दही आणायला सांगितलेलं ते विसरलो, पुढचं विचारू नका.

तर लिहा. खोली, मेस, बस, पाणी, भाषा, काहीही.

तर्रीबाज

भाषेचं निघालंच आहे तर. मी वर्ध्याचा. नवीन असताना मंडईत, "मावशी, पाच रुपयाचा सांबार द्या." मावशींनी मला वरून खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "हॉटेल पलीकडं." मी म्हटलं हा काय समोर ठेवला आहे ना बे. 'बे' नंतर जे झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

पोह्यावर तर्री मागितली तर शेव देतात. सोळा वर्षं झाली, सहन करून राहिलो.

सिन्नरची_लेक

हसून हसून पुरेवाट. "हॉटेल पलीकडं" 

गोखलेनगर

एक पुणेकर मध्ये घुसला तर चालेल का?

आजोबांचं बिऱ्हाड शनिवार पेठेत होतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, वाड्यात पाणी शिरलं, माडीवरच्या तेवढ्या दोन ट्रंका वाचल्या. मग पूरग्रस्तांच्या वसाहतीत इकडे आले. नातेवाईक आजीला विचारायचे, रात्री कोल्हे ओरडतात का गं? ती शेवटपर्यंत लक्ष्मी रोडला निघाली की "गावात जाऊन येते" म्हणायची. मीही तेच म्हणतो. बायको कऱ्हाडची. लग्नानंतर पहिल्यांदा "चल, गावात जाऊ" म्हटलं तर तिनं विचारलं, "मुक्कामाचे कपडे घ्यायचे का?"

सांगायचा मुद्दा, आम्हीपण एकदा बाहेर फेकले गेलेलेच आहोत. आणि एक ते चारवर विनोद करणार असाल तर आधीच सांगतो, चितळे आता दुपारी उघडे असतात. नवीन विनोद आणा.

उदगीरकर

@गोखलेनगर, 'गावात'ला मीपण फसलोय. खोलीमालक म्हणाले, "गावात चाललोय." मी अदबीनं विचारलं, परत कधी येणार? म्हणाले, "तासाभरात." एवढ्या जवळ गाव असलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो.

टँकर_नंबर_चार

लातूर. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा ऑफिसात जो तो विचारायचा, घरी सगळे बरे आहेत ना. एका सहकाऱ्यानं तर सुट्टीला निघताना मला पाण्याचा वीस लिटरचा जार देऊ केला होता. मनापासून.

आता मी वाघोलीत स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतो. बावीस वर्षांचं कर्ज. आणि मार्च लागला की सोसायटीच्या ग्रुपवर शुभ सकाळच्या आधी मेसेज, "आज किती टँकर?" मागच्या उन्हाळ्यात आई आली. लातूरची बाई, तिला कोणतं पाणी कशाला वापरायचं हे कुणी शिकवायला नको. आरओच्या बारक्या नळीखाली तिनं बादली लावली. ते पाणी फरशीला, भाज्या धुतलेलं कुंड्यांना, कपड्यांचं शेवटचं पाणी बाथरूमला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकू वही घेऊन आल्या. विनोद नाही, खरंच वही आणि पेन. आई आठवडाभर राहायला आली होती, अडीच महिने राहिली. सोसायटीनं सोडलंच नाही.

आणि कृपा करून पुण्याला चार धरणं आहेत असं कुणी सांगू नका. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, पाठ आहेत. ते पाणी माझ्या नळात कसं येईल तेवढं सांगा.

पेठेतला

आमच्याकडेही गुरुवारी बंद असतं हो अधूनमधून.

टँकर_नंबर_चार

गुरुवारी! अधूनमधून! डोळ्यांत पाणी आलं, तेवढंच आज आलेलं.

कांदेनवमी

आंबेगाव किंवा नऱ्ह्याकडे वन बीएचके कुणाच्या पाहण्यात आहे का? भाचा येतोय जूनमध्ये. एकटा आहे, शांत आहे.

तर्रीबाज

"एकटा आहे, शांत आहे" ऐकलं की मालक आणखी घाबरतात. "आई महिन्यातून दोनदा येऊन राहील" सांगा, लगेच मिळेल. अकरा महिन्यांचा करार, आणि डिपॉझिटमधून रंगाचे कापणार हे लिहून घ्या.

नुसतंच_वाचते

आज लिहिते, कारण बस हलतच नाहीये.

साताऱ्याची मी. ऑफिस हिंजवडी फेज तीन, घर धायरी. का घेतलं धायरीला? तेव्हा नवऱ्याचं ऑफिस स्वारगेटला होतं. मग त्याचं खराडीला गेलं. आता आम्ही दोघं विरुद्ध दिशांना दीड-दीड तास जातो आणि रात्री मध्यावर येऊन झोपतो. सासूबाई म्हणतात साताऱ्याहून रोज ये-जा केली असतीस तरी एवढाच वेळ लागला असता. पहिल्यांदा राग आला होता. मग मोजलं. फार चुकत नव्हत्या.

बसमध्ये माझी जागा ठरलेली, डावीकडची चौथी खिडकी. त्या खिडकीतून हिंजवडीच्या मेट्रोचे खांब उभे राहताना पाहत पाहत माझ्या मुलाचे दुधाचे दात पडले आणि नवे आले. बसमध्ये दोघी-तिघी मेथी निवडतात. खाली कागद पसरून, काड्या वेगळ्या पिशवीत. ड्रायव्हरदादांनी फक्त लसूण सोलायला मनाई केली आहे, एसीत वास फिरतो म्हणून. रास्त आहे.

हलली बस. थांबली.

सिन्नरची_लेक

ताई, भूमकर चौक का? मीपण मागेच आहे मग.

नुसतंच_वाचते

हो गं! पांढरी बस, मागे फुगा लटकलाय.

सिन्नरची_लेक

दिसला फुगा. हात करते, बघा.

तेराशेदोन

मी सांगते आहे, नातू लिहितो आहे. चुकलं तर त्याचं.

आमचं गाव परभणी जिल्ह्यात. हे गेल्यावर मुलानं पुनावळ्याला आणलं, तेराव्या मजल्यावर. गावाकडं दिवसा दार लोटून ठेवायची सवय. इथं तसं केलं तर खालून वॉचमनचा फोन, "आजी, दार उघडं राहिलंय, कुणीतरी कळवलंय." कळवणारीला आत यायला काय झालं होतं? चहा टाकलाच असता.

पहिले सहा महिने मला लिफ्टमध्ये जी भेटेल तिचं फक्त नंबरावरून नाव माहीत. आठशेतीनचे गुडघे दुखतात. अकराशेएकची सून बाळंत झाली. सहाशेचारला मुलगा अमेरिकेहून आला तरी बोलत नाही. मीपण तेराशेदोन. आषाढीला पालखी पुण्यात मुक्कामी असताना आम्ही पाच जणी कॅब करून दर्शनाला गेलो. गर्दीत एकीचा हात सुटला आणि आम्ही सगळ्या ओरडतोय, "आठशेतीन! ओ आठशेतीन!" लोक बघायला लागले. वारकरी माउली म्हणतात, आम्ही आकडे. त्या दिवशी रिंगण करून बसलो आणि नावं विचारून घेतली. तिचं नाव कावेरी आहे.

(नातू: आजी अजूनही फोनमध्ये 'आठशेतीन' म्हणूनच सेव्ह करायला सांगते.)

गोखलेनगर

आजी, दंडवत.

अभ्यासिका_सीट_४१

मी उलटा. मी पुणे सोडलं.

सहा वर्षं स्पर्धा परीक्षा. नवी पेठेत अभ्यासिका, सदाशिव पेठेत खोली, दोन मुख्य परीक्षा दिल्या, एकदा सव्वा मार्कानं गेलं. मार्च २०२१ मध्ये पूर्वपरीक्षा तोंडावर असताना पुढं ढकलली, त्या रात्री शास्त्री रोडवर मीपण बसलो होतो. शेजारी बसलेल्याला ओळखत नव्हतो, पण त्याच्या पुस्तकातल्या पिवळ्या रेघा आणि माझ्या पिवळ्या रेघा त्याच ओळींवर होत्या, ते बघून दोघंही गप्प बसलो. वडील फोनवर म्हणाले, "ये आता. दुकान बघ." त्यांनी आवाज चढवला असता तर मी थांबलो असतो. चढवला नाही.

आता तालुक्याला खतं-बियाण्यांचं दुकान आहे. चांगलं चालतं. सीट अजून स्वप्नात दिसते. भिंतीकडची, पंख्याखालची, टेबलावर आधीच्या पोरानं करकटकानं कोरलेलं 'होणारच'. त्याचं झालं का नाही, कुणाला माहीत.

धाग्यात पाणी-ट्रॅफिकच्या गमती चालल्यात, मध्येच हे टाकलं. सॉरी.

उदगीरकर

सॉरी कसलं रे. कुठला तालुका? जाता-येता थांबतो.

अभ्यासिका_सीट_४१

भूम. या. डबा आम्हीपण बांधून देतो.

पेठेतला

आमच्या वरच्या मजल्यावर अशी आठ पोरं आहेत. रात्री दोनला जिन्यात फेऱ्या मारत पाठ करतात. दिवाळीला सात गेली, एक राहिला. हिनं ताट नेऊन दिलं. मी दुसऱ्या दिवशी जिन्याखालच्या गाडीबद्दल त्याला बोलणार होतो, ते राहिलं. नोटीस लावली आहे फक्त.

तर्रीबाज

शेवटी पाटीवर आलेच तुम्ही.

पेठेतला

अक्षर चांगलं आहे माझं, म्हणून.

केळीचं_पान

मी जळगावची, पुण्यात नऊ वर्षं. बाकी सगळ्याची सवय झाली. गर्दीची, सोसायटीच्या मीटिंगची, "तुम्ही भाजीत एवढं तेल घालता?" या प्रश्नाचीसुद्धा. वांग्यांची होत नाही. इथं जांभळी वांगी देतात आणि म्हणतात करा भरीत. भरताचं वांगं हिरवं-पांढरं असतं, किलोत दोन बसतात. भाजलं की साल हाताला लागून येते, आत लोण्यासारखं. बामणोदचं असेल तर बघायलाच नको. गॅसवर भाजायचा प्रयत्न केला, सगळ्या मजल्यावर वास. कुणीतरी फायर अलार्म दाबला.

थंडीत पुण्यात कुठे मिळतात कुणी सांगेल का?

टँकर_नंबर_चार

अलार्म वाजल्यावर पाणी आलं का पाइपातून? सहज विचारतो.

शेवभाजी

ताई, आमच्याकडे वाल्हेकरवाडीत डिसेंबरात येतात. रविवारी सकाळी टेम्पो असतो. नऊच्या आत या, नंतर फक्त बारीक उरतात. काड्यांवर भाजून हवी असतील तर आमची गच्ची आहे.

केळीचं_पान

अय्या, खरंच? नेमकं कुठे उभा असतो टेम्पो? मी खराडीहून येणार, तिकडचं काहीच माहीत नाही.

शेवभाजी

लोकेशन नको, चौकात येऊन कुणालाही विचारा. खान्देशीच निघेल.

तर्रीबाज

दोन किलो माझ्यासाठीपण घ्या. पैसे देतो. सांबार मीच आणतो.

केळीचं_पान

(रविवारी, ८:५०) चौकात आहे. एकाला विचारलं. तो लातूरचा निघाला, म्हणतो मीपण टेम्पोच शोधायलोय.