मदत हवी आहे: पासधारकांच्या डब्याची १:८७ प्रतिकृती, खिडक्यांचे गज, पांढरे पडलेले वॉर्निश आणि घाटातली धूळ

नमस्कार मंडळी,

मी नाशिक रोडला राहतो. नोकरीच्या निमित्ताने चौदा वर्षे सकाळच्या गाडीने मुंबईला जाऊन रात्री परत येत होतो. आता ती ये-जा थांबली आहे, पण ज्या डब्यात आयुष्याचा एवढा वेळ गेला तो डबा, आम्ही पासधारक त्यात बसायचो तेव्हा होता तसाच, छोट्या आकारात करून ठेवावा असे फार मनात आहे. आय.सी.एफ. म्हणजे इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या जुन्या बनावटीचा शेवटचा डबा जानेवारी २०१८ मध्ये पेरांबूरच्या कारखान्यातून बाहेर पडला आणि त्याच वर्षी आमच्या पंचवटी एक्सप्रेसला एल.एच.बी. (नव्या, मूळ जर्मन बनावटीचे) डबे लागले. मला करायचा आहे तो त्याआधीचा, गडद निळ्या अंगावर खिडक्यांच्या ओळीने फिकट निळा पट्टा असलेला, द्वितीय श्रेणीचा बैठकीचा डबा. एका ठरावीक गाडीची नक्कल करण्याचा हेतू नाही. पण तो डबा रोज घाट उतरून परत चढणारा आहे, हे पाहणाऱ्याला न सांगता कळले पाहिजे.

सुरुवातीला मी जुना जर्मन डबा कापून पाहिला आणि तो प्रयत्न सोडून दिला. युरोपातील प्रचलित डबा २६.४ मीटर लांब, म्हणजे एच.ओ. (१:८७) प्रमाणात ३०३ मिलिमीटर. आपल्या आय.सी.एफ. डब्याचा सांगाडा २१,३३७ मिलिमीटरचा, म्हणजे २४५. लांबी कापून कमी करता येते, पण रुंदी कुठून आणणार? तिकडचा डबा २,८२५ मिलिमीटर रुंद आणि आपला ३,२४५, म्हणजे प्रतिकृतीत जवळजवळ पाच मिलिमीटरचा फरक पडतो आणि समोरून पाहिले की डबा कुपोषित दिसतो. बोगीचेही तसेच. (बोलण्यात आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो; इथे मी चार चाकांच्या गाड्याला बोगी म्हणत आहे.) आय.सी.एफ. बोगीच्या दोन आसांमधले अंतर २,८९६ मिलिमीटर असते, युरोपातील बोगींचे बहुधा अडीच मीटर. हा फरक डोळ्यांना लगेच खटकतो. म्हणून शेवटी तयार आय.सी.एफ. डबाच विकत घेतला. त्याची मापे बरोबर आहेत, पण तपशील फार ढोबळ आहेत, आणि तिथेच मी अडलो आहे.

पहिली अडचण खिडक्यांच्या गजांची. विकतच्या डब्यात गज अर्ध्या मिलिमीटरचे आहेत, म्हणजे प्रत्यक्षात त्रेचाळीस मिलिमीटर, जवळजवळ दीड इंची नळाएवढे. ते काढून टाकून मी पारदर्शक फिल्मवर गज छापून लावले. समोरून ते बरे दिसतात, पण जरा तिरपे पाहिले की सपाट रेघा कळतात आणि आत दिवा लावला की सगळी खिडकी एका काचेसारखी चमकते. आपल्या डब्यात तर काच वर सारलेली असायची आणि गजांमधून वारा यायचा. ती मोकळी खिडकी मला हवी आहे. जुन्या छायाचित्रावरून मोजले तर दोन गजांमधले अंतर प्रतिकृतीत साधारण सव्वा मिलिमीटर येते. एवढ्या अंतरावर बारीक तारा एकसारख्या समांतर कशा बसवाव्यात?

दुसरी अडचण माझ्याच घाईमुळे झाली. जुलै महिन्यात, बाहेर झड लागलेली असताना, मी रंगवलेल्या डब्यावर फवाऱ्याच्या डब्यातले मॅट वॉर्निश मारले. दहा मिनिटांत निळ्या रंगावर पांढुरकी झाक आली. ती सगळीकडे सारखी नाही, छताच्या कडेला जास्त आणि खिडक्यांच्या खाली ढगासारखी आहे. त्याच आठवड्यात टोकाच्या खिडक्यांची पारदर्शक फिल्म झटपट चिकटणाऱ्या गोंदाने लावली, तर सकाळी तिच्यावर आतून धुके धरल्यासारखे दिसले. रंग पूर्ण खरवडून नव्याने सुरुवात करण्याची माझी तयारी आहे, पण खाली मध्य रेल्वेची ‘म.रे.’ ही अक्षरे आणि डब्याचा पाच आकडी क्रमांक मी फार कष्टाने लावलेला आहे. (त्यातले पहिले दोन आकडे बांधणीच्या वर्षाचे असतात, म्हणून मी नोकरीला लागलो ते वर्ष घातले आहे.) ते वाचवता आले तर हवे आहेत.

तिसरी गोष्ट जुनेपणाची. कसारा ते इगतपुरी या थळ घाटात चढ ३७ ला १ असा आहे. मुंबईकडे उतरताना ब्रेक बराच वेळ लागलेले असतात आणि ब्रेकच्या ठोकळ्यांची तपकिरी धूळ बोग्यांवर, पायऱ्यांवर आणि डब्याच्या खालच्या अंगावर बसते. पावसाळ्यात त्यावर पाण्याचे ओघळ येतात. मी खडूच्या भुकटीने हे करून पाहिले, तर डबा रोज धावणारा न दिसता यार्डात वर्षानुवर्षे पडून असलेला दिसू लागला. शिवाय माझ्या आठवणीतले दोन तपशील मला सोडायचे नाहीत. दाराजवळच्या उभ्या दांड्याचा रंग कमरेपासून खांद्यापर्यंत हातांनी घासून गेलेला असायचा आणि तिथे लोखंड लखलखायचे. आणि खिडकीची खालची चौकट, जिथे आम्ही कोपर टेकायचो, तिथे रंग गुळगुळीत होऊन चकाकायचा. एवढ्या लहान आकारात ही चकाकी कशी आणावी?

शेवटचे थोडक्यात विचारतो. डब्याचे वजन सध्या ११२ ग्रॅम आहे आणि माझ्या ४५७ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर तो रुळांवरून घसरतो. मी खाली बॅटरीची पेटी आणि हवेच्या टाक्या बसवल्यापासून हे वाढले आहे. वजन किती असावे आणि कुठे ठेवावे?

कृपया ज्यांनी स्वतः हे काम केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद

नमस्कार. मी कल्याणची. लोकलचे आणि लांब पल्ल्याचे मिळून अकरा डबे असेच सुधारले आहेत, त्यामुळे आपल्या चारही अडचणी माझ्या ओळखीच्या आहेत.

गजांसाठी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून ३८ गेजची तांब्याची तार मागा. ती साधारण ०.१५ मिलिमीटर असते, म्हणजे प्रत्यक्षात तेरा मिलिमीटरचा गज. एक टोक पक्कडीत धरून तार जरा ताणली की ती लांबते, सरळ होते आणि थोडी कडकही होते. आता अंतराचा प्रश्न. आठ मिलिमीटरच्या नेहमीच्या बोल्टच्या आट्यांमधले अंतर नेमके १.२५ मिलिमीटर असते. असे दोन लांब बोल्ट एका लाकडी चौकटीत समांतर बसवा आणि तार आट्यांमधून गुंडाळत जा. सगळ्या तारा आपोआप सारख्या अंतरावर येतात. मग डब्याची भिंत आतल्या बाजूने त्या तारांवर टेकवा, खिडकीच्या दोन्ही कडांना पांढरा लाकडी गोंद लावा, रात्रभर वाळू द्या आणि दुसऱ्या दिवशी धारदार पात्याने तारा कापा. झटपट चिकटणारा गोंद इथे वापरू नका. त्याची वाफ पारदर्शक प्लास्टिकवर बसते, आपल्या फिल्मवर आलेले धुके तेच आहे. ती फिल्म बदलणे सोपे. पण निघत नसेल तर पारदर्शक चकचकीत ॲक्रिलिक वॉर्निशचा पातळ हात दिला की धुके बरेच झाकले जाते.

पांढऱ्या झाकेबद्दल: फवाऱ्यातले द्रावण उडून जाताना पृष्ठभाग थंड होतो आणि दमट हवेतले पाणी वॉर्निशमध्ये अडकते. रंग खरवडायची गरज बहुधा पडणार नाही. कोरडी हवा असेल त्या दिवशी, डबा आणि फवारा दोन्ही खोलीच्या तापमानाला आणून, त्याच जातीच्या चकचकीत वॉर्निशचा अगदी हलका हात द्या. वरचा थर पुन्हा मऊ होतो आणि अडकलेला ओलावा निघून जातो. आधी छताच्या आतल्या बाजूला करून पाहा. अक्षरांवर थेट जाड थर मात्र देऊ नका.

धुळीच्या बाबतीत आपली भुकटी जास्त झाली असावी आणि ती सगळीकडे सारखी लागली असावी. बोगी सर्वात गडद, पायऱ्या त्याहून कमी, आणि खिडक्यांच्या खालच्या कडेपर्यंत ती जवळजवळ विरून गेली पाहिजे. ओघळ खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून सुरू होतात. पातळ तपकिरी रंगाचा ठिपका ठेवून ओलसर सपाट कुंचल्याने एकदाच सरळ खाली ओढा. रोज धावणारा डबा अधूनमधून धुतला जातो, त्यामुळे भिंतीचा मधला भाग स्वच्छ आणि कोपरे मळलेले ठेवा. दांड्याच्या चकाकीसाठी ४बी पेन्सिलचे शिसे बोटाने चोळा. दांडा मूळचा प्लास्टिकचा असेल तर तो काढून ०.३ मिलिमीटरची पितळी तार बसवा आणि नेमक्या त्या भागातला रंग पात्याच्या मागच्या बाजूने हलकेच खरवडा. खिडकीच्या चौकटीवर, कोपर टेकायच्या जागी, चकचकीत वॉर्निशचा एक ठिपका पुरतो.

वजनासाठी अमेरिकेतील नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस एच.ओ. प्रमाणात एक औंस अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस अशी आहे. २४५ मिलिमीटरला ते साधारण १६५ ग्रॅम होते. टायरच्या दुकानात चाके संतुलित करायच्या पाच-पाच ग्रॅमच्या चिकटपट्ट्या मिळतात. त्या जमिनीखाली, दोन्ही बोग्यांच्या मध्ये सारख्या वाटून लावा, छतात नाही. पण आपला डबा घसरतो तो फक्त वजनाने नाही. ४५७ मिलिमीटरची त्रिज्या डब्याच्या लांबीच्या दुपटीपेक्षाही कमी आहे, त्यामुळे वळणावर बोगी फिरताना चाक बॅटरीच्या पेटीला अडत असणार. पेटीची बोगीकडची आतली कड दीड मिलिमीटर तासा. बाहेरून काही कळत नाही. जागा असेल तर वळण ६१० मिलिमीटरचे करा.

धागाकर्ता

ताई, मनापासून आभार. आपण सांगितल्याप्रमाणे रविवार कारंजाजवळून दोन बोल्ट आणि नाशिक रोडच्या रिवाइंडिंगवाल्याकडून तार आणली. दुकानदाराने तार वजनावर दिली. ती आता माझ्या दहा डब्यांना पुरेल. पहिली खिडकी काल रात्री झाली. दिवा बंद करून टॉर्च आतून धरला तेव्हा गजांच्या सावल्या टेबलावर पडल्या, आणि पहाटेच्या गाडीत समोरच्या बाकावर पडायच्या तशाच त्या दिसल्या.

पेटी तासली, आता त्या वळणावर डबा घसरत नाही. वॉर्निशला मात्र हात लावलेला नाही. पाऊस उघडेपर्यंत थांबतो.

एक शंका राहिली आहे. तारेवर मूळचे इनॅमल असते, त्यामुळे रंग धरत नाही. ते ज्योतीवर जाळावे तर तार पुन्हा मऊ पडेल असे वाटते, आणि बारीक कागदाने घासावे तर ती वाकते. आपण गुंडाळण्याआधी घासता की चौकटीवर ताणलेली असताना?