औषधाविना वेदना कमी करणं : नर्सचं काम, की इंजेक्शन टाळायची सबब?

वॉर्डातली सिस्टर : नागपुरात सर्जिकल वॉर्डात चौदा वर्षं झाली. गोळी-इंजेक्शनपलीकडे वेदनेसाठी नर्सने स्वतःहून बरंच करायला हवं, आणि ते आपण करत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस टाके दुखतील म्हणून खोकत नाही, मग छातीत कफ साचतो. उशी टाक्यांवर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरायला शिकवली की तोच माणूस नीट खोकतो. कूस बदलून देणं, गुडघ्याखाली उशी देऊन पोटावरचा ताण कमी करणं, यांना कुणाच्या सहीची गरज नाही. चोळल्याने बरं वाटतं यामागे शास्त्रही आहे. मेलझॅक आणि वॉल या वेदनेच्या अभ्यासकांनी 1965 मध्ये मांडलं की स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात.

मानेवाड्याचा मुलगा : ताई, तुमच्या हेतूबद्दल शंका नाही, पण मी दुसरी बाजू भोगली आहे. बाबांचं मांडीचं हाड मोडलं होतं. रात्री दोनला ते म्हणाले, "सिस्टर, लय दुखून राहिलं." उत्तर मिळालं, "काका, हळूहळू श्वास घ्या, मन दुसरीकडे वळवा." केसपेपरवर इंजेक्शन लिहिलेलं होतं. ते मिळालं पाचला! तीन तास ते खाटेची दांडी धरून होते. मोडलेल्या हाडाला श्वासाचा सल्ला देणं म्हणजे तक्रार करणाऱ्याला गप्प बसवणं.

प्रसूतिगृहातली मावशी : भाऊ, बाबांवर अन्याय झाला, पण त्यासाठी उपायाला दोष देऊ नका. कळा सुरू असताना मी बाईच्या कमरेवर तळहाताने दाबून धरते, तिला चालतं ठेवते, कुणीतरी आपलं माणूस जवळ राहू देते. बाईच्या चेहऱ्यावर फरक दिसतो. बाळाच्या टाचेला सुई टोचायची असेल तर आधी त्याला आईच्या उघड्या छातीशी ठेवून पाजायला लावते. रडणं किती कमी होतं, ते एकदा येऊन बघा.

कॅन्सरग्रस्ताची मुलगी : मावशी, बाळाच्या टाचेची सुई आणि हाडात पसरलेला कॅन्सर एका मापाने मोजू नका. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनेवरचं अफूपासूनचं औषध, ठेवणं इतकं किचकट झालं की अनेक दवाखान्यांनी नादच सोडला. 2014 च्या दुरुस्तीने वाट सोपी केली, तरी आईसाठी आम्ही धंतोलीत चिठ्ठी घेऊन दारोदार फिरलो. अशा ठिकाणी 'औषधाविना' या शब्दाची मला धास्ती वाटते. आईचे पाय चेपले की तिला बरं वाटायचं, हे खरं. पण ते मॉर्फिन पोटात गेल्यावर. त्याआधी ती हातही लावू द्यायची नाही.

वॉर्डातली सिस्टर : ताई, तुमचं शेवटचं वाक्य मला मान्य करावंच लागेल. मी क्रम सांगितला नाही, ती माझी चूक. आधी विचारायचं, शून्य ते दहामध्ये दुखणं किती? लिहिलेलं औषध वेळेवर द्यायचं. ते चढेपर्यंत आणि त्यानंतर उशी, शेक, बर्फ, गाणी, गप्पा. अर्ध्या तासाने पुन्हा विचारून आकडा कागदावर लिहायचा. आणि दुखणं अचानक वाढलं तर चोळत बसायचं नाही, डॉक्टरांना बोलवायचं. औषध लागत नाही म्हणून हे उपाय निर्धोक आहेत असंही नाही. पायाची जाणीव गेलेल्या मधुमेही आजोबांना घरच्यांनी दिलेल्या गरम पाण्याच्या पिशवीने आलेले फोड मी पाहिलेत. बर्फही कपड्यात गुंडाळून, पंधरा-वीस मिनिटांच्या वर नाही.

पण भाऊ, 'गप्प बसवणं' हे सरसकट मान्य नाही. मन वळवल्याने वेदना खरंच कमी होते. म्हणून ती खोटी ठरत नाही.

मानेवाड्याचा मुलगा : क्रम पटला. वेदना खोटी ठरत नाही, हे मात्र प्रत्येक नर्सला शिकवा, कारण बाबांना तसंच वाटलं होतं. त्या रात्री चाळीस खाटांना दोन सिस्टर होत्या, हेही मी पाहिलं. कूस बदलायला दोन माणसं लागतात. ती आणायची कुठून?

वॉर्डातली सिस्टर : रात्री नाहीत. मी नातेवाइकांना शिकवते, उशी कशी धरायची, पाय कुठे टेकवायचा. पण भरती व्हायलाच हवी. इंजेक्शनची वेळ नातेवाइकाच्या हाती देता येत नाही.