छातीवरची पट्टी, अमेरिकेतला शेअर आणि 'प्रत्येक मुंबईकर'

तिसरी_सीट (धागाकर्ता)
काल इथल्याच एका सभासदाने 'आयरिदमची घोडदौड' नावाचा लेख टाकला. थोडक्यात असा: सॅन फ्रान्सिस्कोची कंपनी, छातीला चिकटवायची 'झिओ' पट्टी, 14 दिवस ठोका न् ठोका टिपते. विक्री 2020 मध्ये 26.5 कोटी डॉलर, 2024 मध्ये 59 कोटी. तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येक मुंबईकराने अशी पट्टी लावून घ्यावी, जमल्यास शेअरही घ्यावा.

आकड्यांपर्यंत मान डोलावली. 'तेव्हा'पासून डोकं फिरलं.

विक्री वाढली कारण तिथे पट्टीमागे मेडिकेअर (ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना) आणि विमा कंपन्या पैसे मोजतात. जानेवारी 2021 मध्ये मेडिकेअरकडून मिळायचे दर कोसळले, तर शेअरचा जवळपास तिसरा हिस्सा एका दिवसात उडाला. पट्टी तीच होती, रुग्णही तेच. शिवाय 2024 मध्येसुद्धा कंपनी 10 कोटी डॉलरच्या वर तोट्यात. लेखात याचा पत्ता नाही.

आणि धडधाकट माणसाने लावून काय होतं? याच पट्टीची 'गार्ड-एएफ' चाचणी झाली, सत्तर आणि त्यापुढचे जवळपास 12 हजार लोक. एएफ (हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडणं, ज्यातून स्ट्रोक म्हणजे पक्षाघात होऊ शकतो) जास्त जणांत सापडलं, स्ट्रोकने दाखल होणारे काही कमी झाले नाहीत. चाळिशीतल्यांचं तर बोलायलाच नको.

पार्ल्याची_अनघा
'एका सभासदाने' कशाला, नाव घ्यायचं की. लेख माझाच आहे.

गार्ड-एएफमध्ये 52 हजार लोक घ्यायचे ठरले होते. कोविडमुळे ती आधीच गुंडाळली. अर्धवट चाचणीवर अख्खा निकाल लावायचा, आणि वर मला उपदेश!

माझ्या आईला अधूनमधून धडधडायचं. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत सगळं शांत, ईसीजी नॉर्मल. 'ॲसिडिटी आहे', 'वय झालं', 'मनाला लावून घेऊ नका'. 24 तास ईसीजी टिपणारं होल्टर यंत्र लावलं त्या दिवशी नेमकं काही झालं नाही. शेवटी लांब मुदतीची पट्टी लावली तेव्हा मध्यरात्रीचं एएफ पकडलं गेलं. आज रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. चाचण्या तुम्हाला लखलाभ.

तिसरी_सीट
गार्ड अर्धवट वाटते? मग डेन्मार्कची 'लूप' चाचणी घ्या, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 2021 मध्ये आलेली. ती पूर्ण झाली. कातडीखाली यंत्र बसवलेल्यांत एएफ तिपटीने सापडलं, स्ट्रोकमध्ये ठोस म्हणावा असा फरक नाही.

ईसीजीवाली
मी होल्टर लावते, म्युनिसिपल हॉस्पिटलात. दोघांनी जरा दमानं घ्या.

होल्टर म्हणजे काय ते बघा. छातीवरचे केस काढायचे, कातडी घासायची, इलेक्ट्रोड चिकटवायचे, वायरी टेपने बांधायच्या. मे महिन्यात माणूस विरार लोकलने घरी जातो, घामाने दोन इलेक्ट्रोड दादरच्या पुलावरच सुटतात. सोबत डायरी देतो, किती वाजता काय करत होता, काय झालं ते लिहायला. दुसऱ्या दिवशी परत येते तेव्हा पानभर एकच शब्द: 'ठीक'. त्यामुळे वायरी नसलेली, आंघोळ चालणारी पट्टी चांगलीच. ती बनवणाऱ्याला नावं ठेवू नका.

पण अनघाताई, तुमच्या लेखाखाली चार जणांनी 'मला झटका येणार असेल तर आधी कळेल ना' असं विचारलंय आणि तुम्ही अंगठा दिलाय. हार्ट अटॅकचा झटका येतो हृदयाची रक्तवाहिनी तुंबून. पट्टी ठोक्यांचा ताल बघते. ॲपलसुद्धा आपल्या घड्याळाबद्दल सांगते की ते हार्ट अटॅक ओळखत नाही. छातीत दुखलं तर 108 लावा, मनगटाकडे बघत बसू नका.

आणि आमच्याकडे एएफ घेऊन येतात त्यांत लहानपणीच्या ऱ्हुमॅटिक तापाने हृदयाची झडप खराब झालेल्या तरुण बायका असतात. त्यांचं एएफ नाडीवर बोट ठेवलं की कळतं.

बोरिवली_फास्ट
सगळं खरं, पण पैसे कोण देणार? बाबांच्या होल्टरचं बिल पाठवलं तर मेडिक्लेमवाले म्हणाले, ॲडमिट नव्हते, ओपीडी आहे, बसत नाही. इतकी वर्षं हप्ते भरले ते काय कंपनीच्या दिवाळीला?

माजी_एजंट
पॉलिसी वाचायची नाही आणि मग बोंब मारायची. ओपीडी कव्हर वेगळं घ्यावं लागतं. पेशंट दाखल झाला तर त्याच आजारासाठी आधीच्या 30 किंवा 60 दिवसांत केलेल्या तपासण्या मिळतात. शिवाय आयकराच्या 80डी कलमाखाली प्रतिबंधक तपासणीला 5000 रुपयांची वजावट आहे.

बोरिवली_फास्ट
म्हणजे बाबांना आधी दाखल करू, मग होल्टरचे पैसे. धन्य! आणि ते 5000 फक्त जुन्या करप्रणालीत, तेही 80डीच्या एकूण मर्यादेच्या आत. एजंट लोक हे सही झाल्यावर सांगतात.

माजी_एजंट
'एजंट लोक' म्हणू नका. रात्री अकराला क्लेम अडकला की फोन कोणाला येतो? हॉस्पिटलं कॅशलेस म्हटलं की बिल फुगवतात, त्यावर एक अक्षर बोलत नाही कोणी.

बोरिवली_फास्ट
बोलतो ना. तेही चोर.

पार्ल्याची_अनघा
धागा हृदयाचा आहे की मेडिक्लेमचा?

बोरिवली_फास्ट
मुंबईत दोन्ही एकच. अमेरिकेत विम्याने पैसे दिले म्हणून ती कंपनी वाढली, हे धागाकर्त्यानेच लिहिलंय. इथे कोण देतंय? तुमच्या आईची पट्टी कोणी भरली?

पार्ल्याची_अनघा
आम्हीच. आणि परत भरू.

तिसरी_सीट
अनघाताई, तुमच्या आईंना लक्षणं होती. लक्षणं असतील तर पट्टी लावा, याला माझा कधीच विरोध नव्हता. विरोध 'प्रत्येक मुंबईकरा'ला आहे. आणखी एक राहिलं: मे 2023 मध्ये एफडीएने (अमेरिकेतली औषधं-उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) या कंपनीला वॉर्निंग लेटर दिलं. त्यांची 'झिओ एटी' नावाची, ताबडतोब कळवणारी पट्टी ठरावीक नोंदी पाठवून झाल्या की पुढे पाठवणंच थांबवायची, आणि ही मर्यादा नीट सांगितली नव्हती. घोडदौडीच्या लेखात एवढं तरी हवं होतं.

पार्ल्याची_अनघा
बरं बाबा. 'प्रत्येक मुंबईकर' खोडून 'धडधड होणारा मुंबईकर' वाचा, आणि एफडीएचं पत्र फ्रेम करून लावा. झालं समाधान? पण माझ्याकडे शेअर आहेत म्हणून मी लिहिलं असं कोणी सुचवत असेल तर ते खपवून घेणार नाही.

तिसरी_सीट
कोणीच सुचवलं नव्हतं. आत्ता तुम्हीच सांगितलंत.

ईसीजीवाली
😀 मी चालले, रांग लागलीय.

बोरिवली_फास्ट
माजी_एजंट, ते ओपीडी कव्हर साधारण किती पडतं? फक्त माहितीसाठी विचारतोय.

माजी_एजंट
व्यनि (खाजगी निरोप) केलाय.