‘स्टोरीबोर्ड’ला आपण काय म्हणायचं?

विश्रामबाग, सांगली: विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं ‘सीतास्वयंवर’ केलं, त्यावर मुलांसाठी छोटा मोबाइल गेम करतोय. प्रसंग कागदावर चौकटी आखून काढलेत, भिंतीवर चिकटवलेत. मदतीच्या अर्जात या स्टोरीबोर्डला ‘कथाफलक’ लिहिलं. शेजारच्या काकांनी वाचलं आणि विचारलं, “कीर्तन कधी आहे?”

मिरज: मूळ नावात फळाच आहे की. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्नेच्या स्टुडिओत चित्रं फळ्यावर टाचून कथा लावायला लागले. प्रसंग जमला नाही की टाचणी काढायची, कागद पुढं-मागं करायचा. पण आता वहीत काढलं तरी स्टोरीबोर्डच म्हणतात, आणि मराठीत ‘फलक’ म्हटलं की चौकातला बोर्ड दिसतो. मी ‘चित्रखर्डा’ म्हणेन. खर्ड्यात खोडाखोड धरलेलीच असते.

विटा: खर्डा? आधी भाकरी आणा!

तासगाव: ‘चित्रकथी’ का नको?

मिरज: नको. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी चित्रं दाखवत लोकांसमोर कथा सांगतात, तो पुरा झालेला खेळ. आपले कागद करणाऱ्यांपुरते. प्रेक्षकाला ते दिसणारही नाहीत.

विश्रामबाग, सांगली: पटलं. आता पुढची अडचण. खेळणाऱ्यानं धनुष्य उचललंच नाही तर? तिथून कथा दोन वाटांनी जाते. त्या जागेला ‘फाटा’ म्हणतोय, पण मित्र म्हणतो, “फाटे फोडू नकोस.”

मिरज: क्रियापद बघा. रस्त्याला फाटा फुटतो. बोलण्यात फाटे माणूस फोडतो. वाकडेपणा त्या ‘फोडण्या’त आहे. ‘इथं कथेला फाटा फुटतो’ बिनधास्त लिहा.

तासगाव: आणि डोळ्यांवर लावायच्या हेडसेटसाठी असेल तर? तिथं ‘चौकट’ शब्दच चालत नाही, माणूस मान वळवून ३६० अंशांत कुठंही बघतो. आम्ही वरून दिसेल तसं वर्तुळ काढतो, मधे बघणारा, भोवती समोर काय, पाठीमागं काय. त्याला ‘आखाडा’ म्हणतो.

विटा: आखाड्यात बघणारे कडेला असतात राव. मधे उभा राहिला तर कुस्ती धरावी लागेल.

तासगाव: मग ‘रिंगण’?

विटा: वारीच्या रिंगणातही बघणारे कडेलाच की.

विश्रामबाग, सांगली: ते तुम्ही मिटवा. मी अर्जात ‘चित्र-आराखडा’ लिहिलंय. ‘चित्रखर्डा’ जास्त आवडला होता, पण अर्ज वाचणारेही सांगलीचेच आहेत.