बंबफोडीला कोयता चालेल का?

तांब्याचा बंब:
रिटायर होऊन गेल्या दिवाळीत देवरुखजवळच्या आमच्या घरी कायमचा राहायला आलोय. छपरावर सोलर आहे, पण हिने आजोबांच्या वेळचा बंब चिंचेने घासून लख्ख केला, तेव्हापासून अंघोळ त्याच पाण्याची. बंबाचं तोंड अरुंद. मनगटाएवढं लाकूडसुद्धा आत जात नाही, सगळं चिरून अंगठ्याएवढं, म्हणजे बंबफोड, करावं लागतं.

त्यासाठी ऑनलाइन एक जंगी सुरा मागवला. पातं 10 इंच, काळा रंग, रबरी मूठ, पाठीला करवतीसारखे दात. जाहिरातीत एक दाढीवाला बर्फात उभा राहून ओंडके फोडत होता. आमच्याकडे बर्फ नाही, ऐनाची दोन वर्षं सुकलेली लाकडं आहेत. तिसऱ्या दिवशी सुरा गाठीत बसला, हलवून काढला तर धारेतून नखाएवढी कपची उडाली. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. पाठीवर दांडका मारून पाहावं तर ते करवतीचे दात दांडकाच खातात.

शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्या काळ्या पडलेल्या कोयतीने माझ्या दुप्पट बंबफोड करतात, आणि वर मला विचारतात, "भाऊ, लाकूड फोडतोस की कुरवाळतोस?" आता कोयता घ्यावा की कुऱ्हाड? उजवा खांदा आखडलेला आहे, कुऱ्हाड डोक्यावरून फिरवणं जमायचं नाही.

घाटावरचा:
कुऱ्हाड ती कुऱ्हाड. कोयता उसाला आणि फांद्यांना. सुकं लाकूड फोडायला पाचरीसारखं जाड पातं लागतं, ते लाकूड दोन बाजूंना ढकलतं. कोयत्याचं पातळ पातं नुसतं रुतून बसतं. खांदा दुखतोय तर गडी लावा आणि चहा पीत बघत बसा.

भाता:
घाटावरचे म्हणतात ते ओंडक्यापुरतं बरोबर, पण बंबफोडीला नाही. आमचे बाबा लोहारकाम करायचे, माझं अर्धं बालपण भाता ओढण्यात गेलं, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी एक सांगा, गाठीत अडकल्यावर तुम्ही पातं पिळलंत ना? "हलवून काढला" म्हणजे तेच. कडक पोलाद घाव सोसतं, पिळा सोसत नाही. अडकलं की मूठ सरळ वर-खाली दाबून सोडवायचं, डावी-उजवीकडे मुळीच नाही.

आता कोयता. बाबा तो ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचा, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्टीचा, करायचे. त्या पोलादात कार्बन साधारण 0.6 टक्के, म्हणजे धार धरेल इतका कडक आणि घाव खाईल इतका चिवट. लाल करून फक्त धारेची बाजू तेलात बुडवायची. पाण्यात बुडवलं तर कधी कधी तडा जातो, तरी या कामाला म्हणायचं "पाणी देणं"च. पाठ बुडवायची नाही, ती मऊच राहू द्यायची. मग धार दगडाने जराशी घासून चकचकीत करायची आणि पाठीतली ऊब तिच्याकडे उतरताना रंग बघत बसायचं. आधी फिका पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. विळीचं पातं पिवळ्यावर थांबवायचं, लाकडाचा कोयता जांभळ्यावर. दोन श्वास उशीर झाला तर कोयता वाकतो, घाई झाली तर तुमच्या सुऱ्यासारखी कपची उडते. बाबा त्या वेळी कोणाशी बोलायचे नाहीत. गिऱ्हाईक आलं तरी नाही.

म्हणूनच कोयता घेतल्यावर तो चाकाच्या ग्राइंडरवर धार लावायला देऊ नका. धार निळी पडली की पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला. कानस मारा, मग दगड.

परसातली चूल:
भाता, वाचून मजा आली. मी लांज्याची, आता ठाण्यात. आमच्याकडे आई कोयतीने फोडायची, पण घाव घालून नाही. लाकूड आधी करवतीने वीतभर कापलेलं. तुकडा ठोकळ्यावर उभा करायचा, धार त्याच्या डोक्यावर ठेवायची आणि कोयतीच्या पाठीवर लाकडी दांडक्याने ठोकायचं. हातोडा नाही हं, त्याने पाठ चेचते. यात खांद्याला कामच नाही, मनगट आणि कोपर पुरतं. मध्यातून सुरुवात न करता कडेकडेने ढलप्या काढत यायचं. गाठ असेल तो तुकडा बंबाच्या नादी न लावता चुलीला ठेवायचा.

बसताना पाटावर बसा, ठोकळा गुडघ्यांच्या पुढे. उभं राहून मारलात आणि घाव हुकला तर पातं थेट नडगीवर येतं. बसलेलं असलं की ते जमिनीत जातं. दुसरा हात लाकडावर धरायचा नाही, धरायचंच असेल तर काटकीने. मूठ उन्हाळ्यात सैल होते, रात्रभर पाण्यात ठेवली की फुगून बसते, पण तो तात्पुरता उपाय.

घाटावरचा:
बरं, माघार. एक मात्र लक्षात ठेवा, तो सुरा गाडीत टाकून पुण्याला आणू नका. शस्त्र नियम 2016 प्रमाणे 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पातं घरगुती वा शेतीच्या कामासाठी बनवलेलं नसेल, तर ते परवान्याच्या यादीत येतं. तुमचं 10 आहे, आणि वर तो करवतीचा दिमाख. इकडे कोयता शब्द उच्चारला तरी नाकाबंदीवाले डिकी उघडायला लावतात.

तांब्याचा बंब:
सगळ्यांचे आभार. आठवडी बाजारात लोहाराकडून कोयती घेतली. धारेवर ग्राइंडरचे निळे डाग नाहीत हे बघूनच घेतली, भाता यांची कृपा. मूठ खैराची आहे असं तो म्हणाला, खरंखोटं तोच जाणे. ऐनाच्या फांदीचा दांडका केला. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत टोपलीभर बंबफोड निघाली, खांदा गप्प होता.

आजींना दाखवायला नेली. त्यांनी नखाने धार चाचपली, पाठीवर टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाल्या, "बरी आहे. माझी देऊ का, तुझी ठेवून जा?"

काळा सुरा नारळाची सोडणं काढायला ठेवलाय. तेही नीट करत नाही.