केमोने सोललेले तळवे : डॉक्टरांना सांगावे की सोसावे?

कर्वेनगरकर
आतड्याच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर आईला कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या सुरू आहेत. १४ दिवस गोळ्या आणि ७ दिवस सुट्टी, अशी एक सायकल. दुसऱ्या सायकलमध्ये तळहात-तळपाय लाल होऊन झोंबू लागले, आता टाचा सोलल्या आहेत आणि डब्याचे झाकण फिरवतानाही ती कळवळते. तरीही डोस कमी होईल या धास्तीने ओपीडीत तिने पायमोजे काढलेच नाहीत. हे लपवणे मला चुकीचे वाटते.

पेठेतला
मी तुमच्या आईच्या बाजूने आहे. माझ्या थोरल्या भावाने रात्री तळव्यांना मेंदी लावून आठही सायकली पूर्ण केल्या. शिवाय त्वचेवर परिणाम दिसला, म्हणजे औषध लागू पडते आहे, असे आम्हाला सांगण्यात आले होते. डोस कमी करणे म्हणजे रोगाला सवलत देणे.

निवृत्त फार्मासिस्ट
इथे गल्लत होते आहे. पुरळ जितके ठळक तितका गुण अधिक, असा संबंध आढळला तो सेटुक्सिमॅब, एर्लोटिनिब यांसारख्या कर्करोगाच्या वेगळ्या औषधांत, आणि तो चेहऱ्यावरील मुरुमांसारख्या पुरळाबाबत. कॅपेसिटाबिनच्या तळव्यांना तो निकष लावू नये. तळव्यांच्या या त्रासाच्या तीव्रतेनुसार श्रेणी ठरतात; दुखून रोजची कामे अडू लागली की ती दुसरी श्रेणी. ती पहिल्यांदा आली, तर गोळ्या काही दिवस थांबवून, त्रास उतरल्यावर सहसा त्याच डोसने पुन्हा सुरू करतात. तिसऱ्या श्रेणीपर्यंत जाऊ दिले, तर मात्र डोस पाऊणपट होतो. म्हणजे आई ज्याला घाबरते, ते लपवण्यामुळेच ओढवण्याची शक्यता अधिक.

दिल्लीच्या एम्समध्ये २६४ रुग्णांवर झालेल्या चाचणीत सुरुवातीपासून डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक जेल लावणाऱ्यांपैकी ३.८ टक्के, तर औषध नसलेले साधे जेल लावणाऱ्यांपैकी १५ टक्के रुग्णांना दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीचा त्रास झाला. हा उपाय प्रतिबंधाचा आहे. सोललेल्या कातडीवर ते आपल्या मनाने चोपडू नये. काळी मेंदी तर नकोच, तिच्यातील रसायनाने वेगळीच अ‍ॅलर्जी उठते. घर्षण आणि गरम पाणी टाळावे.

कर्वेनगरकर
घर्षणावरून आठवले : आई अजूनही रोज सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढते. हे डॉक्टरांना आम्ही कधी सांगितलेच नव्हते.

पेठेतला
पुरळाबाबतची चूक मान्य. मात्र दोन मिनिटांच्या ओपीडीत पायमोजे काढून होईपर्यंत पुढच्या रुग्णाचे नाव पुकारले जाते, हेही लिहा. आधीच फोटो काढून न्या. पर्वती तूर्त बंद. मेंदीवरचा माझा विश्वास मात्र अजून उडालेला नाही.